फूटपाथवरच्या शेंगा

[पहाट. रिकामा फूटपाथ, झाडूचा आवाज. कॅमेरा हळूहळू वर, झाडाकडे.]

सकाळचे सहा वाजलेत. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या एका गल्लीत मावशींचा झाडू सुरू झालाय. मार्च महिना आहे, त्यामुळे झाडाखाली पसारा जरा जास्तच, वाळलेली पानं आणि त्यात ह्या चपट्या शेंगा. नीट बघा, आकार अगदी छोट्या करंजीसारखा, एका बाजूला टोक जरासं वाकलेलं, कवच लाकडासारखं टणक, पायाखाली आली तरी सहजासहजी फुटत नाही. मावशी रोज ह्या शेंगा पानांबरोबर लोटतात, ढीग करतात, मग घंटागाडी येते आणि सगळं डंपिंगला जातं.

हे झाड करंजाचं. याच्या सावलीत आपण गाडी लावतो, भाजीवाला दुपारी इथेच टेकतो, पण नाव विचारलं तर पटकन कोणाला सांगता येत नाही. आम्ही ह्याच गल्लीत विचारत फिरलो, कोणी बदाम म्हणालं, कोणी जांभूळ, एका काकूंनी मात्र वर न बघताच सांगितलं, "करंज आहे तो, आमच्याकडे उरणला खाडीच्या कडेनं रांगच होती."

उरणजवळ करंजा बंदर आहे, पनवेलच्या बाजूला करंजाडे आहे. आपल्या गावांच्या नावातही हे झाड ऐकू येतं आणि आपण त्याच्या बिया कचऱ्यात टाकतोय. त्या बियांमध्ये वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तेल असतं. आणि त्या तेलावर इंजिन चालतं.

[शेंग फोडतानाचा क्लोज-अप. दगड, कवच, आतली बी.]

येऊरच्या पाड्यावर आम्ही आजींकडे गेलो तेव्हा त्या अंगणात बसल्या होत्या, समोर सुपात करंजाच्या बिया. शेंग उभी धरायची, दगडाचा एकच ठोका कडेवर, की ती दोन पाकळ्यांसारखी उघडते. आत एकच बी, कधीतरी दोन, तांबूस तपकिरी, सुरकुतलेली, नखानं दाबली तर बोटाला तेल लागतं. आजींचा वेग बघा, बोलता बोलता हात चालूच आहे, आम्ही तिघं मिळून जेवढ्या फोडत होतो त्याच्या दुप्पट त्यांच्या एकटीच्या सुपात.

"आजी, याचं काय करायचात तुम्ही?"

"दिवा लावायचो बाळा. रॉकेल कुठलं रोज मिळायला. गुराला खरूज झाली का हेच चोपडायचं. खायचं नाय पण, कडूजार असतं."

खायचं नाही, हे लक्षात ठेवा, कारण सगळ्या गोष्टीचा कणा हाच आहे. करंजाचं तेल कडू आणि विषारी, माणसाच्या ताटातलं ते कधी नव्हतंच. म्हणजे ते इंजिनात गेलं म्हणून कोणाच्या घरातली फोडणी महाग होत नाही. झाडाला पाणी घालावं लागत नाही, खारी जमीन चालते, मुळं भरतीच्या पाण्यात बुडली तरी चालतं, आणि शेंगावर्गातलं झाड असल्यामुळे मुळांवरच्या गाठीतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत बसवतात. तेल काढल्यावर पेंड उरते, तीही खत म्हणून जाते, मुळांना लागणाऱ्या किडीवर शेतकरी ती पूर्वीपासून वापरतात. एका झाडाला वर्षाला ९ किलोपासून ९० किलोपर्यंत बिया मिळतात असे आकडे आहेत. तफावत मोठी आहे हे मान्य, पण ज्या झाडाची कोणी निवड केली नाही, कलम केलं नाही, फक्त फांद्या तोडल्या, त्याच्याकडून एकसारखं उत्पन्न कसं येणार.

[जुने फोटो. इंजिनाचं चित्र.]

तेलावर इंजिन चालवणं ही काही नवीन कल्पना नाहीये. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये पिकणाऱ्या भुईमुगाचा काही उपयोग होतो का ते बघायचं होतं. ते इंजिन इतकं सुरळीत चाललं की त्यात वेगळं काही घातलंय हे फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं, हे स्वतः रुडॉल्फ डिझेलनं नंतर लिहून ठेवलंय. पुढे जमिनीतलं तेल स्वस्त मिळायला लागलं आणि हा विषय मागे पडला.

आपल्याकडे कर्नाटकात करंजाला होंगे म्हणतात. तिथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी कग्गनहळ्ळी भागातल्या गावांमध्ये होंगेच्या तेलावर जनरेटर चालवले, त्यातून शेतीला पाणी उपसलं. तेलंगणातल्या आदिलाबाद भागात पॉवरगुडा नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या बायकांच्या गटांनी करंज लावले, बियांचं तेल काढलं आणि २००३ साली, डिझेलऐवजी हे तेल वापरून जेवढा कार्बन हवेत जायचा वाचला त्याचे पैसे त्यांना जागतिक बँकेकडून मिळाले. रक्कम छोटीच होती, ६४५ डॉलर. पण गाव म्हणून मिळाली.

[कॉलेजची लॅब. टेबलावर बिया, काचेची भांडी.]

आता आमचा प्रयोग, ह्याच बियांपासून इंधन करायचा. बिया गोळा करायला आम्हाला तीन रविवार लागले, सोलून, वाळवून १२ किलो भरल्या. आधी एका लाकडी घाण्यावर घेऊन गेलो, तर दादांनी हात जोडले, म्हणाले ह्याच घाण्यात उद्या शेंगदाणा पडणार आहे, एक थेंब राहिला तरी गिऱ्हाईक परत येणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. मग एका कॉलेजच्या लॅबमध्ये छोटा एक्सपेलर, म्हणजे बिया दाबून तेल काढायचं यंत्र, मिळालं. हे बघा, वरून बिया टाकल्या, बाजूनं पेंडीच्या पापड्या बाहेर येतायत आणि खालच्या जाळीतून तेल, सुरुवातीला गढूळ, मग चहाच्या रंगाचं. वास उग्र आहे, दोन दिवस कपड्यांना राहिला. फडक्यातून गाळून पावणेतीन लिटर तेल हातात आलं.

हे तेल तसंच टाकीत ओतता येत नाही. चमच्यातून पडताना दिसतंय ना, किती दाट आहे ते. डिझेलच्या दहापटीहून जास्त दाट. नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, अर्धवट जळतं, काजळी धरते आणि काही दिवसात इंजिन बसतं. म्हणून त्याचं रूप बदलावं लागतं. तेलाचा एक कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांडीला लटकलेल्या तीन लांब साखळ्या, ग्लिसरीन काढायचं आणि प्रत्येक साखळीला मिथेनॉलचं छोटं टोक जोडायचं, की तेल पातळ होतं. त्यालाच बायोडिझेल म्हणतात. हे घडवून आणायला कॉस्टिक लागतं, साबणवाले वापरतात तेच.

[बीकरमध्ये पिवळट घट्ट गोळा.]

आणि हा आमचा पहिला प्रयत्न. हे बायोडिझेल नाहीये, साबण आहे. झालं काय की आमच्या बऱ्याच बिया फूटपाथवर पडून राहिलेल्या, दव लागलेल्या, त्यामुळे तेलात आम्ल वाढलेलं होतं. आम्ही ते न तपासताच कॉस्टिक घातलं, आम्ल आणि कॉस्टिकचं आपापसात जमलं आणि सगळं थिजून बसलं. अर्धा लिटर तेल गेलं. तीन रविवारांची मेहनत होती त्यात, त्या संध्याकाळी कोणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या वेळी आधी तपासलं. रंग बदलून दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, एकेक थेंब अल्कली, गुलाबी रंग टिकला की थांबायचं, तोपर्यंत किती अल्कली खर्च झाली त्यावरून आम्ल कळतं. आकडा जास्त आला. लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या दोन टप्प्यात करा, आधी थोडं सल्फ्युरिक अॅसिड आणि मिथेनॉल घालून आम्ल मारा, मगच कॉस्टिक. तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवायचं, कारण ६५ ला मिथेनॉल उकळायला लागतं. मिथेनॉल विष आहे, त्याची वाफही वाईट, पोटात गेलं तर डोळे जातात, तेव्हा हे व्हिडिओ बघून कोणी घरच्या गॅसवर करायला जाऊ नका, लॅब, मास्क आणि शिकवणारं माणूस सोबत हवंच.

[रात्रभराचा टाइमलॅप्स. काचेच्या नळकांड्यात दोन थर वेगळे होतात.]

हे दृश्य आम्हाला सगळ्यात जास्त आवडतं म्हणून पूर्ण ठेवलंय. रात्री अकराला ढवळणं थांबवलं तेव्हा सगळं एकजीव होतं. हळूहळू खाली काळपट थर बसत गेला, ते ग्लिसरीन. वर राहिलं ते मधाच्या रंगाचं, पारदर्शक, पलीकडची खिडकी दिसतेय बघा त्यातून. सकाळी खालचा नळ उघडून ग्लिसरीन काढलं, वरचं कोमट पाण्यानं तीनदा धुतलं, हलक्या हातानं, जोरात हलवलं की पुन्हा फेस, मग गरम करून पाणी उडवलं.

[शेतातला पंप. हँडल फिरतं, धूर, मग स्थिर आवाज.]

शहापूरच्या एका दादांनी त्यांचा जुना एक सिलिंडरचा पंप दिला. चार भाग डिझेल, एक भाग आमचं. दादांनी हँडल मारलं, पहिल्यांदा इंजिन नुसतंच खोकल्यासारखं झालं, दुसऱ्यांदा पकडलं. आवाज ऐका.

धुराचा वास डिझेलचा नव्हता, कोणीतरी लांब भजी तळतंय तसा होता.

[रात्र. वडापावची गाडी, उकळती कढई.]

भज्यांवरून आठवलं, तेल फक्त झाडावर नाही, ह्या कढईतही आहे. ठाणे आणि वडापाव वेगळं सांगायला नको. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल खराब झाल्यावर तयार होणारे घटक, वाढतात, २०१८ च्या जुलैपासून नियम आहे की ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजना आणली, रुको नावाची. प्रक्रिया वर दाखवली तीच. हे काळं तेल गटारात ओतलं तर पाइप तुंबतात, आणि स्वस्तात कोणाला विकलं तर ते परत कोणाच्या तरी पोटात जातं. ते बायोडिझेलवाल्यांच्या टँकरमध्ये जाणं सगळ्यात बरं.

[वाशी मार्केट, पहाट. कोबीच्या पानांचा ढीग, त्यातून वाफ.]

हा तुर्भ्याचा एपीएमसीचा भाजी बाजार. ट्रक खाली होतायत, आणि सौदा संपायच्या आत बाजूला हा हिरवा डोंगर उभा राहतो, कोबीची वरची पानं, फ्लॉवरचे दांडे, दबलेले टोमॅटो. ह्या ढिगात हात घालून बघितला आम्ही, आतून गरम लागतो. जीवाणूंचं काम सुरू झालेलंच असतं. हेच बंद टाकीत, हवा न लागू देता कुजवलं तर मिथेन बनवणारे जीव ताबा घेतात. फार जुने जीव आहेत ते, गाईच्या पोटात असतात, भातखाचरात असतात, दलदलीत असतात. टाकीतून येणाऱ्या वायूत निम्म्याहून जास्त मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो धुऊन मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला की तो सीएनजीसारखाच वापरता येतो.

वाशीच्या पुलावरून पलीकडे बघा, त्या टेकड्या ट्रॉम्बेच्या. तिथल्या बीएआरसीमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण हा बायोगॅस प्लांट विकसित केला. नाव किती छान आहे, निसर्गाचं ऋण. गोबरगॅसपेक्षा यात फरक असा की कचरा आधी मिक्सरमध्ये बारीक होतो, मग एका छोट्या टाकीत गरम पाणी आणि हवेच्या मदतीनं मऊ केला जातो, आणि मगच मोठ्या टाकीत जातो, त्यामुळे स्वयंपाकघरातला ओला कचराही लवकर पचतो. माथेरानलाही असा प्लांट बसवला गेला. प्लांट बांधणं हे अर्धंच काम. रोज ओला कचरा वेगळा करून आणून देणारं माणूस लागतं, आणि एक प्लास्टिकची पिशवी आत गेली तर मिक्सर अडकतो.

[उल्हास नदी, मोहने. जलपर्णीचा हिरवा गालिचा.]

ही जलपर्णी. कल्याणजवळ उल्हास नदी अशी दिसते, पाणी दिसतच नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतली, सांडपाण्यावर पोसलेली. जेसीबीनं काढतात, काठावर टाकतात, तिथेच सडते. शेणाबरोबर मिसळून हिच्यापासूनही बायोगॅस होतो, पण नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असल्यामुळे लांब वाहून नेणं परवडत नाही, टाकी नदीकाठीच हवी.

[ऐरोली. बोट, ओहोटी, रोहित पक्षी.]

आणि इथे थोडं थांबू या.

ऐरोलीहून बोट निघते, दोन्ही बाजूला तिवरं. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि हे सगळे उतरतात. रोहित, फ्लेमिंगो. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चोच बघा कशी उलटी धरलीय, चाळणीसारखी. धाकटा रोहित गाळून खातोय ते शेवाळ, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. त्याच शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे पंख गुलाबी होतात.

काही जातींच्या सूक्ष्म शेवाळात कोरड्या वजनाच्या २० ते ५० टक्के तेल असतं. शेतजमीन लागत नाही, सांडपाण्यावर वाढतं, दिवसात दुप्पट होतं. ऐकायला एवढं सुंदर की अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं यावर संशोधन केलं आणि मग खर्च परवडत नाही म्हणून थांबवलं. लॅबमधली ही हिरवी बाटली बघून वाटतं आत केवढं शेवाळ आहे, पण उघड्या तलावात एक लिटर पाण्यामागे सुकं शेवाळ जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम. म्हणजे एक किलोसाठी हजार-दोन हजार लिटर पाणी गाळायचं. रोहितला ते जमतं, आपल्या यंत्रांना अजून स्वस्तात जमलेलं नाही. आणि मला विचाराल तर ही खाडी त्यांच्यासाठीच राहू दे, शेवाळाचे प्रयोग एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांच्या, टाक्यांवर करा, तिवरं तोडून तलाव करायची भाषा कोणी इथे आणू नये.

[विमान, खाडीवरून. मग उसाचे ट्रक, पेट्रोल पंप.]

वरून जाणारं विमान बघा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. विमानातही आता असं जैवइंधन मिसळायचं ठरलंय, आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पासून १ टक्का. २०१८ मध्ये डेहराडून ते दिल्ली एक विमान काही प्रमाणात मोगली एरंडाच्या तेलापासून बनवलेल्या इंधनावर उडलंही. तोच मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, ज्याच्यामागे २००३ नंतर सगळा देश धावला. पडीक जमिनीवर बिनपाण्याचा भरभरून येईल असं सांगितलं गेलं, तो जगला, पण बिया भरल्या नाहीत, आणि ज्यांनी लावला त्यांचीच वर्षं फुकट गेली.

इथेनॉलचं सगळ्यांना माहीतच आहे. २००१ मध्ये मिरज आणि मनमाडला प्रयोग झाले, २०१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये दीड टक्का होतं, आता २० टक्के. उसाला पाणी लागतं, २०२३ च्या डिसेंबरमध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारला बंधन घालावं लागलं. बायोडिझेलमध्ये ऊर्जा डिझेलपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी, काजळी कमी होते, नायट्रोजन ऑक्साइड थोडे वाढतात, आणि ठाण्यातले सगळे करंज झोडपले तरी शहराच्या बसगाड्या त्यावर चालणार नाहीत.

[पुन्हा तीच गल्ली. सिमेंटमध्ये बुंध्यापर्यंत गाडलेलं झाड.]

आम्ही शूटिंग सुरू केलं तेव्हा ह्या गल्लीत नऊ करंज होते. रस्ता रुंद झाला, आता सहा आहेत. हा सातवा होता, बुंधा बघा. बाकीच्यांच्या भोवती सिमेंट अगदी खोडाला भिडवलंय, पाणी आत जायला बोटभर जागा नाही. करंज चार ते सात वर्षांनी शेंगा धरायला लागतो. ह्या झाडांचं वय शेजारच्या काकांनी सांगितलं, त्यांची मुलगी बालवाडीत होती तेव्हा लावलेली, ती आता नोकरी करते. दर उन्हाळ्यात पांढरी-जांभळी फुलं येतात, सकाळी गाड्यांच्या टपावर सडा पडलेला असतो, मधमाश्या असतात. इंधन बाजूला ठेवा, एवढ्यासाठीही ती राहायला हवीत असं मला वाटतं, पण बिया मोजल्या गेल्या तर निदान कोणीतरी झाडंही मोजेल.

[झाडूचा आवाज.]

मावशींना आम्ही पंपाचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवला. दोनदा बघितला त्यांनी, मग विचारलं, "ह्याच शेंगा?"

दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा झाडाच्या बुंध्याशी एक पोतं टेकवून ठेवलं होतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. पानं वेगळी, शेंगा वेगळ्या.